बिनकल्हईचा गंज

फळांचा रस उकळून पाहुण्यांना पाजायचा, ही अक्कल सत्यभामाबाईंच्या नव्या सुनेला मोबाइलने शिकवली होती. संत्र्याचा नि अननसाचा रस, सफरचंदाच्या फोडी, वर दालचिनी, लवंग, आलं, गूळ. म्हणे गरम फ्रूट पंच! सर्दीचा काढा नटूनथटून आला, एवढंच सत्यभामाबाईंना त्यात दिसत होतं.

भंडाऱ्यातल्या त्यांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे मसाल्याचं दूध. गल्लीतल्या बाया वाणासाठी नाही, त्या दुधासाठी येतात, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. यंदा हर्षाने हट्ट धरला आणि संजीवने बायकोची री ओढली. तेव्हा सत्यभामाबाईंनी अट घातली.

"कर बाई तुयं पंच. पण एकीनं जरी तोंड वाकडं केलं, तं पुढच्या सालापासून हळदीकुंकू माह्याच हातचं. मंग मधात बोलाचं नाही."

"बरं आई."

"आन् माह्या पितळी गंजात कर. लोकं पितळेसाठी भंडाऱ्याले येतात, आन् आपल्या घरी स्टील?"

हर्षाने त्या मोठ्या पितळी पातेल्यात, म्हणजे गंजात, डोकावून पाहिलं. "आई, याले कल्हई कधी केली होती?"

"कायले विचारून राहिली? दरसाल करतो आमी."

दरसाल म्हणजे कल्हईवाला गल्लीत यायचा तोवर. त्याला येऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून गंज घासूनपुसून फळीवर मिरवत होता आणि दूध मुकाट्याने स्टीलच्या पातेल्यात आटत होतं. पण नव्या सुनेपुढे हे कबूल करायला सत्यभामाबाईंची जीभ रेटली नाही.

दुपारी हर्षा अंगणात रांगोळी काढत होती. सत्यभामाबाईंनी हळूच गंजातला चमचाभर रस चाखला आणि तोंड कडू झालं. आंबट रसाने उघडं पितळ खाल्लं होतं. आता ओरडून सांगावं, हे त्यांना कळत होतं. पण सांगितलं तर कल्हईची थाप उघडी पडणार, आणि पैज जिंकायची संधीही हातची जाणार. बायांनी एक घोट घ्यावा, थू करावं, झालं. मरतं थोडंच कोणी! चमचा धुऊन त्या ठसक्यात बाहेर आल्या.

संध्याकाळी बाया जमल्या. चकचकीत गंज मधोमध आला, वाफेला लवंगेचा वास होता. शेजारच्या मनकर्णाबाईंनी पहिला घोट घेतला. सत्यभामाबाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून होत्या.

"वा वो! थंडी पळाली न!" मनकर्णाबाईंनी पुन्हा भरायला पेला पुढे केला. "पितळेतलं आहे म्हणून इतकं गोड."

सत्यभामाबाईंनी घाईने आपल्या पेल्यातला घोट घेतला. खरंच गोड होतं. त्या उठून गंजाजवळ गेल्या, आत पाहिलं. गंजात स्टीलचं पातेलं बसवलेलं होतं.

"आईनंच सांगतलं, पितळेत कर म्हणून," हर्षा बायांना हसून म्हणाली. मग सासूचा पेला भरताना आवाज उतरवला.

"पहिला रस नालीत टाकला आई. तुमी चाखला ते म्या खिडकीतून पायलं होतं. बाया येईस्तोवर वाट पायली, तुमी सांगसान म्हणून."

मनकर्णाबाई तिकडून गंजाचं कौतुक करत होत्या. सत्यभामाबाईंनी मान हलवली आणि पेला तोंडाला लावला, पण घोट न घेताच तो गंजाशेजारी ठेवून दिला.