पुढची बैठक

बांगडा पुन्हा नवऱ्याच्या बोटांतून निसटला आणि कयाकच्या तळाशी तडफडू लागला. त्याने तो उचलून पुन्हा गळाशी नेला, पण गळ एकीकडे आणि हात भलतीकडे. मागच्या बैठकीवरची बायको वल्हं मांडीवर आडवं धरून समुद्राकडे बघत राहिली, जणू तिचं लक्षच नव्हतं.

"मेला हा," तो म्हणाला. "दुसरा काढ गं."

दोघांच्या मधल्या बादलीत सकाळी किनाऱ्याजवळ आमिषासाठी पकडलेले छोटे बांगडे गोल गोल फिरत होते. तिने एक मुठीत धरला.

"मीच लावू का?"

त्याने गळ मागे तिच्याकडे दिला. मग म्हणाला, "नाकातून घाल. आणि हलकं धर, घुसमटेल."

उभा जन्म त्याने सलूनमध्ये काढला. त्याच्या वस्तऱ्याखाली गिऱ्हाइकं बिनधास्त घोरत. मग हाताला कंप सुरू झाला, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानामागे काप गेला. "चालायचंच," म्हणत तो भला माणूस कापूस दाबून घरी गेला आणि पुन्हा फिरकला नाही. कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. लोक नुसते यायचे थांबले. दुकानाला कुलूप लागलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, "बरंच झालं. आता रोज मासेमारी."

डॉक्टरांनी एकट्याने जायला मनाई केली, म्हणून इस्पितळाच्या धुलाईखात्यातून रजा काढून आज ती आली होती. मागे बसेल त्याने नाव वळवायची, म्हणून मागची जागा कायम त्याची. आज पाण्यात नाव लोटल्यावर तो आपणहून पुढे जाऊन बसला. तिनेही विचारलं नाही.

बांगडा दोरी घेऊन खोल गेला. ढगाळ उजेडात पाण्यावर बराच वेळ काहीच घडलं नाही. मग एकाएकी रीळ किंचाळलं.

"लागला!" तो ओरडला. रॉड वाकला, कयाक ओढली जाऊ लागली. मासा थोडा दमला तसा तो रीळ गुंडाळू लागला, पण मूठ हातातून सुटायची, उलटी फिरून बोटांवर आदळायची. पुन्हा धरायचा, पुन्हा सुटायची.

"घे," तो म्हणाला.

"अहो, तुमचा मासा आहे. धरा नीट."

"घे म्हणतो ना! जाईल तो!"

त्याने न वळता रॉड मागे दिला.

"वर उचल... आता खाली आणताना गुंडाळ. घाई नको. पळू दे त्याला."

तिचे खांदे भरून आले. मासा खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. अखेर कयाकच्या कडेला चंदेरी अंग चमकलं. भलीमोठी सुरमई! त्याने वाकून दोन्ही हातांनी तिला कवटाळून आत घेतलं. बायकोला हसू आवरेना. ती लहान मुलीसारखी खिदळली, "अहो, बघा तरी! मी पकडली! मी!"

"छान," तो म्हणाला.

त्याची पाठ तिला दिसत होती. तिचं हसू ओठांवरच विरलं. तोंड कुठे लपवावं कळेना.

"बांगडे आहेत अजून," ती म्हणाली. "आता तुम्ही टाका. मी नुसती वल्हवते."

"नको. चल घरी."

तिने नाव किनाऱ्याकडे वळवली. त्यानेही वल्हं पाण्यात घातलं, पण ते नीट पडेना, तिच्या वल्ह्यावर आपटू लागलं. काही अंतर गेल्यावर त्याने ते मांडीवर घेतलं आणि हात गुडघ्यांमध्ये दाबून बसला. वाटेत उजव्या अंगाला पाण्यावर फेस फुटत होता. तिने तो केव्हाच पाहिला होता, नावेचं तोंडही जरा फिरवलं होतं.

"डावीकडून घे," तो म्हणाला. "खडक आहे तिथे."

"हो का? बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि नाव आणखी थोडी डावीकडे घेतली.