ती घरघर माझी नव्हती

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही.

एका लहानशा कारखान्यात मी घडलो. जाड पत्र्याचं अंग, पोटात वजनदार ट्रान्सफॉर्मर. एका शिंप्याने मला घरी आणलं. दिवसभर शिलाई मशीन चालवून तो संध्याकाळी माझ्यासमोर बसायचा. गाणारी बाई दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते, तोही मी त्याला ऐकवायचो. "याच्या आवाजात खडा लागत नाही," असं तो आल्यागेल्याला कौतुकाने सांगे. पुढे त्याची नजर गेली, मशीन बंद पडलं. मग त्याला विरंगुळा उरला तो माझाच.

अशात त्याच्या मुलाने घर नवं करायला काढलं. नवं वायरिंग, नवा रंग, नवं वॉशिंग मशीन. वायरमन म्हणाला, "साहेब, अर्थिंगची तार जोडायची राहिलीये. उद्याचा दिवस द्या." चुकार वीज जमिनीत नेऊन सोडते ती ही तार.

"रंगवाले खोळंबलेत! लिंपून टाका," मुलगा खेकसला. वायरमननेही मुकाट्याने थापी उचलली. तारेचं टोक भिंतीत जिवंत गाडलं गेलं.

त्या दिवसापासून माझ्यातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. प्रत्येक गाण्याखाली तीच घरघर. म्हातारा म्हणाला, "हा आवाज याचा नाही रे. विजेत काहीतरी बिघडलंय."

"बाबा, तुमच्या या डबड्याचे दिवस भरलेत," म्हणत मुलाने माझ्या डोक्यावर बुक्की हाणली. मला! दोष भिंतीत आणि मार मला!

सून मला पुसत होती. तिने हात झटकन मागे घेतला. "अहो, याला हात लावला की झिणझिण्या येतात. वॉशिंग मशीनलाही येतात."

"तुला काय, कशानेही झिणझिण्या येतात," तो हसला. त्या हसण्याची आठवण झाली की माझे सगळे दिवे लाल होतात.

त्याने नवीकोरी म्युझिक सिस्टीम आणली. तीही घरघरली. तेव्हा त्याने दुकानदाराला शिव्या घातल्या. तरी भिंतीकडे बघेना! मला मोरीवरच्या माळ्यावर फेकलं. म्हाताऱ्याने ऐकणंच सोडलं.

आणि एका सकाळी खाली सुनेची किंकाळी अर्ध्यातच तुटली. ओले हात वॉशिंग मशीनला चिकटले होते. मुलगा दारात थिजून उभा. म्हातारा मात्र भिंत चाचपत धडपडत निघाला, वाटेत खुर्ची आडवी झाली, गुडघा फुटला, पण त्याने मेन स्विच गाठला आणि खाली पाडला. सून जमिनीवर कोसळली. हात भाजला, जीव वाचला.

त्याच वायरमनने येऊन भिंत फोडली, तार बाहेर काढली. मुलगा त्याच्यावर उसळला, "तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"त्याने सांगितलं होतं," म्हातारा म्हणाला. "मी आंधळा आहे, बहिरा नाही. आधी तिची माफी माग."

मुलाने मागितली, मान खाली घालून. वायरमन म्हणाला, "मीही तुमचं ऐकायला नको होतं." त्याने अर्थिंग जोडलं, वॉशिंग मशीन दुरुस्तीला पाठवलं. मला खाली आणून लावलं, तेव्हा घरघरीचा मागमूस नव्हता. सून हाताला पट्टी बांधून सासऱ्याशेजारी गाणं ऐकत बसली.

मला कुणी सॉरी म्हणालं नाही. नका म्हणू. पण मित्रांनो, घरातलं यंत्र घरघरलं तर त्याला बडवू नका. आणि घरातलं माणूस झिणझिण्या येतात म्हणालं, तर हसू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग काय वाद घालायचा तो घाला.