पळसाला पानं किती

शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडामागं बसलिंगप्पांचं किराणा दुकान, अन् दुकानामागंच घर. त्या घरात रात्रीची जेवणं झाली की रोज लढाई पेटायची. एकानं अर्धी म्हण फेकायची, दुसऱ्यानं झटक्यात पुरी करायची. जो अडला, चुकला, त्यानं भांडी घासायची.

बसलिंगप्पा म्हणजे शिवानीचे अप्पा. तिची आई महादेवी, म्हणजे अव्वा, कुणाला म्हणून हार जायची न्हाई. "नाचता येईना," एवढं अप्पा म्हणतात न म्हणतात तोच, "अंगण वाकडं! आता माझी घ्या," की अप्पांची बोबडी वळलीच! मग ते बाह्या सारून मोरीत.

चैत्रात अव्वा तापानं गेली. तिच्यामागं घरातल्या म्हणीही गेल्या.

दहावीला शिवानी तालुक्यात झळकली. लातूरच्या कॉलेजात नंबर लागला. सकाळच्या गाडीनं निघायचं होतं.

"अप्पा, जाऊ का लातूरला?"

"जा."

बस्स. ना टोमणा, ना म्हण. पूर्वीच्या अप्पांनी तासभर घोळवलं असतं. असल्या मुक्या माणसाला एकटं टाकून कसं जायचं?

"जा गं पोरी," शेजारची पार्वतम्मा दारातूनच म्हणाली. "बाप दगड झालाय तुझा, पर दगडाला भाकरी मी देईन की."

शिवानीला हसू आलं न्हाई, रडूही न्हाई. आत सगळं धुऊन पालथ्या घातलेल्या बरणीसारखं. तिनं मनाशी ठरवलं : आज एक म्हण टाकायची. अप्पा बोलले तर जायचं, न्हाईतर इथलंच कॉलेज बरं.

जेवण झालं. अप्पा ताटात बोट फिरवत बसून राहिलेले. तिनं अव्वाची लाडकी म्हण काढली.

"कुठंबी जा, पळसाला पानं..."

भिंतीवरची पाल चुकचुकली. रस्त्यावरून एक टमटम गेली. शिवानी ताटं गोळा करायला उठली.

"दोनच," अप्पा म्हणाले.

तिचा हात ताटावरच थांबला. रडायला हवं होतं बहुतेक. पण तोंडातून भलतंच निघालं, थेट अव्वाच्या ठसक्यात.

"चुकलात अप्पा! तीन असतेत."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं.

"चुकलो खरा," ते म्हणाले, अन् बाह्या सारत मोरीकडं निघाले. "आण ती ताटं हिकडं. तू बॅग भर."