जुने पांढरे, नवे पांढरे

वॉशरकाका हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते कारखान्यातल्या पोरांनी ठेवलं. सुट्या भागांच्या कोठारावर काकांनी उभी हयात काढली, आणि झिजलेला जुना वॉशर आणून दाखवल्याशिवाय नवा वॉशर त्यांनी खुद्द मोठ्या साहेबांनाही दिला नाही. पोरं मागून हसायची, पण मशीन अडलं की त्याच खिडकीसमोर हात पसरायची. काका मागे न बघता खणात हात घालत आणि नेमका भाग काढून देत. अशा माणसाला एके दिवशी हार घालून, भाषणं ठोकून घरी पाठवलं, आणि घरी त्यांच्याकडे कोणी काही मागेचना.

घरी होत्या फक्त काकू, आणि काकूंचं त्यांच्यावाचून सुरळीत चाललं होतं. काका ओट्यापाशी गेले की "जरा सरका हो", खुर्चीत बसले की "पाय वर घ्या, पुसायचंय." काकू काही खाष्ट नव्हत्या. पण तीस-पस्तीस वर्षं दिवसभर रिकामं असलेलं घर अचानक भरलं, तर कुणाचाही धक्का लागणारच. काकांना मात्र वाटायला लागलं, की आपण या घरातली अडगळ झालो. हे ते कुणाला बोलले नाहीत, पण ते त्यांना फार लागत होतं.

काकूंचा मण्यांचा व्यवसाय होता. व्यवसाय म्हणजे मागच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल. मण्यांचे पट्टे, पर्सा, कुणाच्या जुन्या झग्यावरचं उसवलेलं मणीकाम, असं काहीबाही त्या करत, आणि गिऱ्हाईक लांबून शोधत येई. टेबलामागच्या फळ्यांवर त्यांचा माल असे. तो कशात म्हणाल? औषधांच्या रिकाम्या बाटल्या, चष्म्याची घरं, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, बर्फाचा ट्रे, तोटी तुटलेली चहाची किटली. लाल मणी तीन ठिकाणी होते. हुक आणि बटणं एकाच बरणीत सुखाने नांदत होती. काका दारातून ते बघत आणि मनातल्या मनात त्याचे खण पाडत.

पुढे काकूंच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि काकू चार-पाच दिवस तिच्याकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी दुधाचं सांगितलं, कुंड्यांचं सांगितलं, गॅसचं दोनदा सांगितलं. मण्यांचं काही सांगितलं नाही. हा माणूस तिथे हात घालील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणतात ते काही खोटं नाही. काकांनी बाजारातून नटबोल्ट ठेवायचं खणांचं कपाट आणलं, पारदर्शक खणांचं. रात्रीची झोप छान लागली, सकाळी भूक लागली. कित्येक महिन्यांत असे दिवस आले नव्हते. रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे एकेक डबी रिकामी झाली, एकेक खण भरला. प्रत्येक खणावर वळणदार अक्षरात चिठ्ठी लागली. शेवटी काका लांब उभे राहून ते कपाट बघत राहिले. आता ही काय म्हणेल, या विचाराने त्यांना लहान पोरासारखं हसू येत होतं.

काकू आल्या, पिशवी हातात तशीच धरून दारात उभ्या राहिल्या.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. एका खणाजवळ वाकून त्यांनी चिठ्ठी वाचली. "'लाल, बारीक, गोल, काचेचे.' अहो, नाकापेक्षा मोती जड! मण्यांपेक्षा चिठ्ठीच मोठी झाली की."

काकांची छाती फुगली. पण काकू एकेक खण बघत खाली आल्या आणि त्यांचं हसू ओसरलं.

"चष्म्याच्या काळ्या घरात पांढरे होते, ते कुठायत?"

"हे काय, इथे."

"आणि बाटलीतले पांढरे?"

"तेही इथेच. एकच माल दोन खणांत ठेवायचा नसतो, गोंधळ होतो. ओतले एकत्र."

काकू खुर्चीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एका डॉक्टरीणबाईंच्या आईची पर्स दुरुस्तीला आलेली होती, ती त्यांनी काढून काकांच्या हातात दिली. पांढऱ्या मण्यांची, पुढच्या बाजूला टक्कल पडलेली. "असले मणी आता कुणी बनवत नाही. एका फाटक्या कॉलरवरचे उसवून मी ते साठवलेत, फक्त हिच्यासाठी. बाटलीतले नवे. आज सारखे दिसतात, पण दोन उन्हाळे गेले की ते पिवळे पडतात. एक जरी मधे गेला तरी पर्सवर डाग उठणार, आणि काम माझ्या हातचं."

"मी निवडून देतो," काका म्हणाले.

"तुम्हाला नाही दिसायचं हो ते. मलाच उन्हात धरून बघावं लागतं, आणि एवढे बघायचे म्हणजे माझे डोळे जातील. राहू दे." त्यांनी पर्स परत गुंडाळली. "सांगते मी बाईंना, होत नाही म्हणून."

ते 'राहू दे' काकांच्या जिव्हारी लागलं. आयुष्यभर त्यांच्या खिडकीवरून कुणी रिकाम्या हाती परतलं नव्हतं, आणि आता त्यांच्यापायी बायको गिऱ्हाईक परत पाठवणार होती. करायला गेलो काय आणि झालं काय, असं म्हणत ते सकाळ होताच खिडकीत बसले. पुढ्यात थाळीभर पांढरे मणी, हातात भिंग. काकूंचं म्हणणं खरं होतं. सगळे सारखेच दिसत होते. ऊन सरकलं, मान आखडली, आणि काकांना एकही मणी ओळखता आला नाही.

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. मुळात आपण डोळ्यावर विसंबलोच कधी होतो? दोन बोल्ट सारखे दिसले तर काका बघत बसत नसत, नट फिरवून बघत.

"अगं, तुझ्याकडची सगळ्यात जाड सुई दे बघू."

"आता काय शिवताय?" काकू म्हणाल्या, पण सुई दिली.

काही मणी सुईवर सरळ घरंगळत गेले. काही टोकाशीच अडले. काकांनी पुन्हा करून बघितलं. तेच. अडलेले चिमूटभर मणी त्यांनी काकूंच्या तळहातावर ठेवले. काकूंनी ते उन्हात धरले, बोटाने फिरवले, परत धरले.

"जुने आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "सगळे. जुन्यांचं भोक बारीक असतं, हे मला ठाऊक होतं की! पण माझी सुई बारीक, ती सगळ्यांतून जाते. कधी सुचलंच नाही."

तेव्हापासून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काकांची खुर्ची आली. एक मणी उचलायचा, सुईवर टेकवायचा, गेला तर डावीकडे, अडला तर उजवीकडे. पहिल्या दिवशी जरा जोर लागला आणि एक जुना मणी कट्कन फुटला. काकांनी तो गुपचूप खिशात टाकला, पण जेवताना राहवेना, म्हणून सांगून टाकलं. "टेकवायचा, दाबायचा नाही," एवढंच काकू म्हणाल्या, आणि ताटात आणखी भात वाढला.

निवडलेली प्रत्येक चिमूट काकू उन्हात धरून तपासत. काकांना त्याचा राग आला नाही, त्यांनीही तेच केलं असतं. काम करता करता बोलणं व्हायला लागलं. लाल मणी तीन ठिकाणी का, तर तीन वेगवेगळी कामं म्हणून. "मी रंग बघून ठेवत नाही हो, कोण कुणाच्या शेजारी लागतं ते बघून ठेवते," काकू म्हणाल्या. काकांनी मान डोलावली आणि दुपारी बसून स्वतःच्या वळणदार चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने सोलून काढल्या. कपाट काकूंना आवडलं होतं, ते तेवढं राहिलं.

थाळी रिकामी होत आली तेव्हा मूठभर मणी उरले. सुई त्यांत शिरत होती, पण अर्ध्यावर अडत होती. काकांनी ते वेगळ्या झाकणात घेतले. पर्सवरचं टक्कल बरंच भरत आलं होतं, पण पुढच्या बाजूची, कडीजवळची जागा अजून उघडी होती, आणि जुने मणी संपले होते.

"हे बघ," काकांनी झाकण पुढे केलं. "यांचं काही सांगता येत नाही. तू एकदा उन्हात बघ."

काकूंच्या दातात दोरा होता. त्यांनी मान वर केली नाही. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला कसं कळणार? तुझं काम, तू ठरव."

"एवढे दिवस मणी कुणी हाताळले? तुम्ही जुना म्हणालात तर लावते, नवा म्हणालात तर नाही लावत."

काकांनी झाकण परत आपल्यापुढे ओढलं. मग त्यांनी एकेक मणी पुन्हा उचलला. घाई केली नाही. सुईवर टेकवला, काढला, उलटा करून दुसऱ्या बाजूने टेकवला. बरेचसे त्यांनी डावीकडे सारले. त्यांतला एखादा जुना असेलही, पण खात्री नाही तो माल खिडकीबाहेर जाऊ द्यायचा नसतो. उरलेले थोडे त्यांनी काकूंपुढे ठेवले.

"हे जुने," ते म्हणाले. "एवढेच. पुरणार नाहीत, मला माहितेय."

"पुरवते मी. कडीखाली कापडाची पट्टी घेते जराशी, तेवढे मणी वाचतील."

काकूंनी त्यांतला एक मणी सुईच्या टोकाने उचलला. खिडकीकडे त्यांनी बघितलंही नाही. मणी सरळ पर्सवर गेला, अगदी पुढच्या बाजूला, सगळ्यांच्या नजरेत येईल असा, आणि दोरा ओढून घट्ट झाला. काकांना भरून आलं. ते नुसतेच त्या मण्याकडे बघत राहिले.

काकूंनी डावा हात त्यांच्यापुढे पसरला.

"अहो, बघत काय बसलात? पुढचा द्या."