अर्ध्या लेबलाचा ॲसिटोन

मित्रांनो, कराडच्या एका कॉलेजातल्या रसायनशाळेत, मागच्या कपाटात बसलेला मी एक जुना द्रव आहे. माझे नाव ॲसिटाइल ॲसिटोन. शेजारी नुसता ॲसिटोन असे, आणि त्याचा मला फार हेवा वाटे. कार्बन व ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडले की कार्बोनिल गट होतो. त्याच्याकडे असा गट एकच, माझ्याकडे दोन! तरी धुतलेल्या परीक्षानळ्या चटकन वाळवायला रोज बोलावणे त्यालाच. मी आपला धूळ खात.

१९७४ साली कागद खाणाऱ्या कसरीने माझ्या लेबलाची वरची ओळ खाल्ली. उरले फक्त 'ॲसिटोन'. खोटे कशाला सांगू, मी हरखलो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी खरा ॲसिटोन संपला. धुळा शिपायाने मला उचलले आणि नळ्या माझ्याच द्रवाने विसळल्या. पण मी त्याच्यासारखा झटकन उडून जात नाही. नळ्यांच्या तळाशी थेंब थेंब राहिलो.

त्यातल्या काही नळ्या रहिमतपूरच्या विजयमालाकडे गेल्या. पास झाली तर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी ठरलेली होती. तिने नमुन्यावर फेरिक क्लोराइड, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकले. आधीच्या चाचण्यांवरून रंग यायला नको होता. नळी लालभडक झाली. तिचा चेहरा उतरला.

"काय गं, कुंकवाचा कारखाना काढलास व्हय?" शेजारचा गुंडा नावाचा पोरगा कुजबुजला.

तिने दुसऱ्या, रिकाम्या नळीत नुसतेच फेरिक क्लोराइड टाकले. तीही लाल!

"धुळामामा, नळ्या कशानं इसळल्या?"

"ॲसिटोननं की, ताई. ही काय बाटली. लय जुनी हाय, पर वाया कशापायी घालवायची?"

"आवं मामा, ह्यो ॲसिटोन न्हाई! त्येला असा रंग कवाच येत न्हाई."

खरे होते. माझ्या दोन कार्बोनिलांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनकडे सरकतो. त्या रूपात मी लोखंडाला घट्ट धरतो आणि लाल होतो. मला माझ्या गुणावरून कोणी ओळखले ते पहिल्यांदाच, आणि तेही तिची नोकरी बुडवायला निघालो असताना.

तिने नळी पाण्याने खळखळून धुतली, ज्योतीवर वाळवली आणि नमुना पुन्हा तपासला. या वेळी रंग आला नाही. तिने निर्धास्तपणे उत्तर लिहिले. जाताना, तो लाल रंग आणि लेबलाची खाल्लेली वरची ओळ यांवरून ताडलेले माझे पूर्ण नाव तिने कागदावर लिहून डिंकाने चिकटवले. धुळाने मला परत मागच्या कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी ॲसिटोनची नवी बाटली आली. हेवा? अजून वाटतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, लेबल फाटले तर त्याच दिवशी नवे लावा. आम्हाला बोलता येत नाही. आणि मनात हेवा असला, तर बोलता आले असते तरी आम्ही गप्पच बसलो असतो.