तांदूळ कुणी नेला?

लढाई संपली, आखातातल्या अब्बासिया वस्तीतलं दुकान उघडलं आणि हारूनचाचांनी पुतण्याला नुकसानभरपाईचा अर्ज भरायला बसवलं. अकाउंट्स शिकणारा ओवैस अर्जाचे रकाने पुन्हापुन्हा वाचू लागला. शेजारचे दुकानदार एकाचे दोन करून लिहीत होते. चाचांनीही तेच सांगितलं, तर त्यांच्या मिठाला जागायचं की शिकलेल्याला?

"तेलाचे डबे सैनिकांनी नेले. लिही."

"आणि तांदूळ?" ओवैसनं भीतभीत विचारलं. तो तांदूळ चाचांनीच शत्रूच्या कब्ज्यातल्या दिवसांत भुकेल्या शेजाऱ्यांना वाटला होता. सैनिकांच्या नावावर सहज खपला असता.

"ती माझी जकात होती, धर्मानं सांगितलेलं दान, गाढवा! अल्लाच्या नावानं दिलेलं सरकारकडून परत मागू? हेच शिकवतात कॉलेजात?"

बोलणी खाऊन ओवैसला पहिल्यांदाच पोटभर जेवल्यासारखं वाटलं.