सोडायचा तुकडा

सुमीत म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा, हे अस्मिताला कळलं तेव्हा बीळ हातचं गेलं होतं. वडनेरजवळच्या जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यासाठी, तिनं वर्षभर खपून प्रोग्राम लिहिला होता. कापसाची गाडी फाटकातून आत आली की तिला नंबर मिळायचा आणि माल रिकामा करून बाहेर पडेपर्यंत ती पडद्यावर दिसायची. भागीदार सुमीत बोलण्यात पटाईत. त्यानं जिनिंगचे मालक नानाजींना परस्पर सांगून टाकलं, की काम सगळं त्याचंच, पोरगी नुसती टायपिंग करायची. टायपिंग! भागीदारी मोडली, प्रोग्राम सुमीतच्या हाती राहिला, पण तो शब्द तिच्या घशात काट्यासारखा रुतून बसला.

दिवाळीनंतर जिनिंगच्या ऑपरेटर ज्योत्स्नाचा फोन आला. "ताई, प्रोग्राम दुपारपासून रांगत राह्यते. रात्री बंद करून सकाळी चालू केला का मंग धावते. सुमीतदादा म्हणते, मशीन जुनी हाय."

"गाडी बाहेर निघाली का पडद्यावर काय येते?"

"काहीच नाई. आधी तुमचं नाव अन् धन्यवाद येत होतं, ते त्यायनं काढून टाकलं."

अस्मिता फोन ठेवून खदखदून हसली. सुमीत नेहमी फुशारकी मारायचा, की या भाषेत मेमरीचा कचरा आपोआप उचलला जातो, आपल्याला काही बघावंच लागत नाही. उचलला जातो, खरं आहे. पण तो उचलणारा पंगतीतल्या पत्रावळ्या उचलणाऱ्यासारखा असतो. जेवणारा उठला की पत्रावळ उचलतो. कोणी तिच्यावर हात ठेवून बसलं, तर जेवण कधीचं आटोपलेलं असो, तो तिला शिवत नाही. अस्मितानं लिहिलेला कोडचा एक तुकडा गाडी बाहेर पडताना धन्यवाद म्हणायचा आणि त्याच वेळी आतल्या यादीतून त्या गाडीला सोडून द्यायचा. सुमीतला त्यात तिचं नाव तेवढं दिसलं. त्यानं अख्खा तुकडाच पुसला. आता गाड्या घरी जाऊन बैल गोठ्यात बांधले गेले, तरी यादी त्यांना धरूनच होती आणि दिवसभर फुगत जाऊन प्रोग्रामला रांगायला लावत होती.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. मूग गिळून बसली आणि रोज त्या मुगाची गोडी चाखत राहिली. सांगावंसं एकदाही वाटलं नाही.

मग सुमीतनं दुसऱ्या जिनिंगवाल्यांना प्रोग्राम दाखवायला बोलावलं, तेही ऐन गर्दीच्या दिवशी. दुपार व्हायच्या आतच पडदा गोठला. त्यानं घाईनं बंद करून चालू केला, तर नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले. सकाळपासून उभे असलेले मागे गेले, आत्ता आलेले पुढे, आणि फाटकात हातघाईवर आलं. नाक दाबलं की तोंड उघडतं. अस्मिताचा फोन वाजला. सुमीत होता.

"अस्मिता, येऊन जा न प्लीज. मले काहीच समजून नाई राह्यलं."

ती स्कूटीवरून आली तेव्हा पाहुणे सावलीत उभे राहून तमाशा बघत होते. नानाजी लालबुंद झाले होते. "पोरी, हे तुले दुरुस्त करता येते का?"

"येते. पण आधी ह्यानं भोंग्यावर सांगावं, हे कोणाचं काम हाय."

सुमीतनं इकडेतिकडे पाहिलं. नानाजींनी माईक त्याच्या हातात कोंबला. गाड्यांना हाका मारायचा तो भोंगा अख्ख्या आवारात ऐकू जायचा. "हा प्रोग्राम अस्मितानं लिहिला," सुमीत पुटपुटला.

"अजून."

"मी... मी तिचं नाव पुसलं. खोटं बोललो."

अस्मिताच्या अंगावर सुखाचा काटा आला. पाहुणे एकमेकांकडे बघत होते, आणि तिला ते हवंच होतं. सुमीतनं पुसलेला तुकडा तिनं परत टाकला, फाटकावर गाडीवाल्यांना मिळालेल्या, वेळ छापलेल्या चिठ्ठ्यांवरून ज्योत्स्नाला सगळ्यांची रांग पुन्हा लावायला सांगितली. गाड्या हलल्या. पहिली गाडी बाहेर पडली आणि पडद्यावर तिचं नाव झळकलं.

ती निघाली तेव्हा सुमीत स्कूटीपाशी आला. त्याचे डोळे ओले होते. "सगळ्यायसमोर बोललो न मी. झालं न तुह्या मनासारखं? आता तरी सोड."

तिनं किल्ली फिरवली.

"सोडायचा तुकडा तूच पुसला, सुमीत. मशीनमंधी मी परत टाकला. माह्यात कोण टाकणार हाय?"